गाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर? डॉली पार्टन यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू

१९९२ च्या अखेरीस आणि १९९३ च्या सुरुवातीला गाण्यांची लोकप्रियता मोजणाऱ्या अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत सलग चौदा आठवडे एकच गाणे पहिल्या क्रमांकावर होते. ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टन यांनी गायिलेले ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे ते गाणे. अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांवर ते दिवसरात्र वाजत होते आणि त्याची रॉयल्टीही जमा होत होती, पण ती ह्यूस्टन यांच्या खात्यात जात नव्हती. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे नेहमीच्या रेडिओवर गाणे वाजले तर गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला काहीच मिळत नाही. पैसे मिळतात ते गाणे लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशनाचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याला. या गाण्यापुरती ही दोन्ही माणसे एकच होती: डॉली पार्टन. हे गाणे त्यांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी, संपूर्णपणे वेगळ्या कारणासाठी लिहिले होते.

पार्टन यांना जग कंट्री संगीतातली, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकगीतांतून वाढलेल्या संगीतातली, गायिका म्हणून ओळखते. सोनेरी केसांचे उंच टोप, लांब नखे, चमचमते कपडे आणि पहाडी हेल असलेला पातळ, धारदार आवाज एवढे वर्णन केले की ओळख पटते. त्यांच्यावर जे लिहिले जाते त्यातला बराचसा मजकूर या दृश्य भागातच अडकतो. मात्र त्यांची कारकीर्द साठ वर्षे का टिकली आणि त्या इतक्या स्वतंत्रपणे का वागू शकल्या, हे समजून घ्यायचे असेल तर आधी गाणे ही मालमत्ता म्हणून कशी चालते हे समजून घ्यावे लागते. हा विषय थोडा किचकट आहे, पण त्यांचे आयुष्य त्याचे इतके चांगले उदाहरण आहे की दोन्ही गोष्टी एकत्रच सांगणे सोयीचे.

आपण ज्याला एक गाणे म्हणतो त्यात कायद्याच्या दृष्टीने दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल मिळून झालेली रचना ही पहिली. त्या रचनेचे एखाद्या गायकाने केलेले ध्वनिमुद्रण, ज्याला या व्यवसायात मास्टर म्हणतात, ही दुसरी. शेतीच्या भाषेत सांगायचे तर रचना म्हणजे जमीन आणि ध्वनिमुद्रण म्हणजे त्या जमिनीत घेतलेले एक पीक. पीक एका हंगामात एक जण घेईल, वीस वर्षांनी दुसरा घेईल, एखाद्याचे पीक जोमाने येईल आणि एखाद्याचे वाया जाईल. पण सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याचा वाटा प्रत्येक हंगामात ठरलेला असतो. गायक म्हणून मिळालेले यश हे त्या गायकाच्या आवाजाशी आणि लोकप्रियतेशी बांधलेले असते. गीतकार म्हणून मिळालेली मालकी मात्र आवाज थकल्यावरही चालू राहते.

हे डॉली पार्टन यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. त्यांचा जन्म १९ जानेवारी १९४६ रोजी पूर्व टेनेसीतल्या सेव्हियर काउंटीत, ग्रेट स्मोकी पर्वताच्या कुशीत झाला. बारा भावंडांतल्या त्या चौथ्या. वडील रॉबर्ट ली पार्टन दुसऱ्याची जमीन बटईने कसत असत आणि पुढे त्यांनी स्वतःची थोडी जमीन करून त्यात तंबाखू लावला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. डॉली यांच्या जन्माच्या वेळी आलेल्या डॉक्टरांना देण्यासाठी घरात पैसे नव्हते, म्हणून त्यांना मक्याच्या पिठाचे पोते देण्यात आले, ही हकीकत पार्टन आजही मुलाखतींतून सांगतात. आईकडून जुनी पहाडी कथागीते आली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी ही गीते अॅपलाचियन डोंगरात आणली होती आणि त्यांत एखाद्या खुनाची, विरहाची किंवा फसवणुकीची पूर्ण कथा चार-पाच कडव्यांत सांगून होत असे. पार्टन यांच्या उत्तम गाण्यांची बांधणी पाहिली तर ती याच घराण्यातली आहे. त्यांच्या गाण्यांत पात्रे असतात आणि प्रसंग घडतो, नुसती भावना आळवलेली क्वचितच आढळते.

मामा बिल ओवेन्स यांनी भाचीचे गुण लवकर हेरले. त्यांनी तिला गिटार मिळवून दिली आणि गावोगावच्या कार्यक्रमांना ते तिला घेऊन जाऊ लागले. दहाव्या वर्षाच्या आसपास डॉली नॉक्सव्हिलमध्ये कॅस वॉकर यांच्या रेडिओ आणि टीव्ही कार्यक्रमात गाऊ लागल्या आणि १९५९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमात त्यांना गाण्याची संधी मिळाली. १९६४ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी नॅशव्हिलची वाट धरली.

नॅशव्हिल हे शहर त्या काळी नेमके काय होते, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. ऑप्री हा कार्यक्रम १९२५ पासून रेडिओवर चालत आला होता आणि त्याच्या आधाराने शहरात कंट्री संगीताचा धंदा उभा राहिला होता. १९४२ मध्ये रॉय अॅकफ आणि फ्रेड रोझ यांनी तिथे गीत-प्रकाशनाची कंपनी काढली. गीत-प्रकाशक म्हणजे पुस्तके छापणारा नव्हे. तो गीतकाराशी करार करतो, त्याची गाणी गायकांपर्यंत आणि निर्मात्यांपर्यंत पोहोचवतो, परवाने देतो, रॉयल्टी वसूल करतो आणि जमलेल्या पैशांतला साधारणपणे निम्मा वाटा स्वतःकडे ठेवून निम्मा गीतकाराला देतो. नव्या गीतकाराला तो दर आठवड्याला थोडी उचलही देतो आणि ती पुढच्या रॉयल्टीतून वळती करून घेतो. गाणे लिहिणे आणि गाणे गाणे हे दोन स्वतंत्र पेशे होते, आणि गीतकारांची अवस्था बहुधा हातातोंडाची गाठ पडेल इतपतच असे. विली नेल्सन यांच्यासारख्या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या माणसाने ‘फॅमिली बायबल’ हे आपले गाणे केवळ ५० डॉलरला कायमचे विकून टाकले होते. १९६० मध्ये क्लॉड ग्रे यांच्या आवाजात ते गाजले तेव्हा गीतकार म्हणून नेल्सन यांचे नावही त्यावर नव्हते.

रॉयल्टीचे तीन मुख्य झरे आहेत आणि त्यांचे नियम एकमेकांपासून फार वेगळे आहेत. रेकॉर्डची प्रत विकली गेली की मिळते ती मेकॅनिकल रॉयल्टी. हिचा उगम १९०९ च्या कायद्यात आहे. त्या काळी आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी छिद्रे पाडलेले कागदाचे गुंडाळे विकले जात आणि एकाच कंपनीने प्रकाशकांशी करार करून त्यांची मक्तेदारी करू नये, अशी कायदेमंडळाची धडपड होती. म्हणून असा नियम झाला की गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण मालकाच्या संमतीने बाजारात आल्यानंतर ते दुसऱ्या कोणालाही ध्वनिमुद्रित करता येईल, मालक अडवू शकणार नाही, फक्त ठरलेला दर द्यावा लागेल. हा दर दर प्रतीमागे २ सेंट होता आणि तो १९७७ संपेपर्यंत तसाच राहिला. म्हणजे दहा लाख प्रती खपल्या तर वीस हजार डॉलर, त्यातले निम्मे प्रकाशकाचे. दुसरा झरा जाहीर सादरीकरणाचा: रेडिओ, टीव्ही, हॉटेल, कार्यक्रम. हा पैसा एकेका गीतकाराला गोळा करणे अशक्य असल्याने त्यासाठी संस्था आहेत. त्यांतली बीएमआय ही संस्था रेडिओवाल्यांनी १९३९ मध्ये काढली आणि जुन्या संस्थेने दूर ठेवलेल्या कंट्री आणि ब्लूज लिहिणाऱ्यांना तिने जवळ केले. पार्टनही याच संस्थेच्या सदस्य झाल्या. तिसरा झरा चित्रपट, मालिका आणि जाहिरातींचा. इथे सरकारी दर नाही आणि सक्तीही नाही. दृश्याला गाणे जोडायचे असेल तर मालकाची परवानगी घ्यावीच लागते आणि किंमत घासाघीस करून ठरते.

आता पुन्हा १९६४ नंतरच्या दिवसांकडे. मॉन्युमेंट या रेकॉर्ड कंपनीचे फ्रेड फॉस्टर यांनी पार्टन यांना घेतले, पण त्यांचा आवाज कंट्रीला चालणार नाही असे मानून त्यांच्याकडून पॉप गाणी गाऊन घेतली. ती फारशी चालली नाहीत. चालली ती त्यांची लेखणी. मामांसोबत लिहिलेले ‘पुट इट ऑफ अनटिल टुमॉरो’ हे गाणे १९६६ मध्ये बिल फिलिप्स यांनी गायिले आणि ते कंट्रीच्या यादीत पहिल्या दहांत गेले. मागे सुरात सूर मिसळणारा बाईचा आवाज कोणाचा, अशी विचारणा रेडिओ केंद्रांवर होऊ लागली. तो पार्टन यांचा होता आणि रेकॉर्डवर त्यांचे नाव नव्हते. गायिका म्हणून दार उघडले ते असे, गीतकाराच्या खिडकीतून. सुरुवातीची गाणी प्रचलित रीतीप्रमाणे दुसऱ्याच्या प्रकाशन कंपनीकडे होती, पण लवकरच त्यांनी मामांबरोबर स्वतःची छोटी प्रकाशन कंपनी काढली. ओवेन्स आणि पार्टन ही आडनावे जोडून तिचे नाव ठेवले ‘ओवेपार’. विशीतल्या, डोंगरातून नुकत्याच आलेल्या मुलीने उचललेले हे पाऊल त्या वेळी कोणाच्या फारसे डोळ्यांत भरले नसावे. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा निर्णय होता, कारण पुढचे सगळे नकार त्याच्या बळावर देता आले.

१९६७ मध्ये पोर्टर वॅगनर यांनी त्यांना आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतले. वॅगनर हे भरजरी, चकचकीत सूट घालणारे लोकप्रिय गायक होते आणि त्यांचा कार्यक्रम देशभरच्या केंद्रांवर दिसत असे. आधीच्या गायिका नॉर्मा जीन यांच्या जागी आलेली ही नवी मुलगी प्रेक्षकांना सुरुवातीला अजिबात रुचली नाही, पण वॅगनर यांनी हट्ट सोडला नाही आणि आरसीए या रेकॉर्ड कंपनीलाही त्यांना करारबद्ध करायला लावले. दोघांची द्वंद्वगीते गाजली. याच सात वर्षांत पार्टन यांनी आपले सर्वोत्तम लेखन केले. १९६९ मध्ये दौऱ्यावरच्या बसमध्ये ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ सुचले तेव्हा हाताशी कागद नव्हता. वॅगनर यांचे सूट ड्रायक्लीनिंगहून परत आले होते आणि त्यांना पावत्या लावलेल्या होत्या. त्या पावतीच्या मागे त्यांनी गाणे लिहून काढले. आईने चिंध्या जोडून शिवलेला कोट, तो शिवताना तिने सांगितलेली बायबलमधल्या योसेफाची गोष्ट, आणि शाळेत त्याच कोटावरून झालेली टिंगल, एवढाच ऐवज. त्यात गरिबीबद्दल एकही तक्रार नाही, पण आपल्याला जे भरजरी वाटले ते इतरांना का दिसत नाही या मुलीच्या गोंधळात सगळे येऊन जाते. १९७१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ‘जोशुआ’ या गाण्याने त्यांना कंट्रीच्या यादीत प्रथमच पहिला क्रमांक मिळाला आणि १९७३ मध्ये ‘जोलीन’ आले. ते आपल्या नवऱ्यावर डोळा ठेवणाऱ्या लालकेशी बाईला धमकी न देता विनवणी करणारे गाणे आहे, आणि त्याची सगळी ताकद त्या अनपेक्षित विनवणीतच आहे.

वॅगनर यांच्या छायेतून बाहेर पडायची वेळ आली होती, पण ते ऐकायला तयार नव्हते. रोजचे वाद झाले. शेवटी पार्टन यांनी जे बोलून सांगता येत नव्हते ते लिहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयात जाऊन गाऊन दाखवले. त्या सांगतात त्याप्रमाणे वॅगनर यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते म्हणाले की या गाण्याची रेकॉर्ड मला करू दे, मग तू जा. म्हणजे ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे मुळात प्रियकराला उद्देशून नव्हे, तर मालकाला दिलेला राजीनामा आहे. १९७४ मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याच वर्षी पार्टन कार्यक्रमातून बाहेर पडल्या. गाण्यातला सद्भाव व्यवहारात मात्र टिकला नाही. १९७९ मध्ये वॅगनर यांनी त्यांच्यावर तीस लाख डॉलरचा दावा लावला आणि तो न्यायालयाबाहेर मिटवावा लागला. पुढे दोघांचे जुळले आणि २००७ मध्ये, वॅगनर यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी, ऑप्रीत त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमात पार्टन यांनी तेच गाणे त्यांच्यासमोर गायिले.

गाणे गाजत असतानाच जगप्रसिद्ध रॉक गायक एल्विस प्रेस्ली यांना ते गायचे आहे असा निरोप आला. पार्टन यांचा आनंद गगनात मावेना. पण ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री एल्विस यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी सांगितले की एल्विस जे गाणे गातात त्याच्या प्रकाशन-हक्कातला निम्मा वाटा आम्ही घेतो, त्याशिवाय ध्वनिमुद्रण होत नाही. ही अट काही त्यांच्यासाठी खास काढलेली नव्हती. १९५० च्या दशकापासून एल्विस यांच्या नावाच्या प्रकाशन कंपन्या याच रीतीने चालत होत्या आणि ‘डोन्ट बी क्रूअल’ सारख्या गाण्यावर तर गीतकार ओटिस ब्लॅकवेल यांच्या शेजारी एल्विस यांचेही नाव लागले होते. पार्टन यांनी नकार दिला आणि, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, त्या रात्रभर रडल्या.

हा प्रसंग अनेकदा बाणेदारपणाची कथा म्हणून सांगितला जातो, पण त्यातले गणित पाहिले तर तो अधिक रंजक होतो. एक तर वर सांगितलेल्या १९०९ च्या नियमामुळे एल्विस यांना पार्टन यांची परवानगी लागतच नव्हती. गाणे बाजारात आलेले होते. दर प्रतीमागे २ सेंट भरून ते खुशाल गाऊ शकले असते. पार्कर परवानगी मागत नव्हते, आपल्या गायकाच्या लोकप्रियतेचे भाडे मागत होते. दुसरे असे की प्रकाशकाचा वाटा हा एकूण रॉयल्टीच्या निम्मा असतो, त्यातला निम्मा म्हणजे एकूण उत्पन्नाचा पाव हिस्सा. एल्विस यांच्या रेकॉर्डचा खप लक्षात घेता पाऊण हिस्सा हाती ठेवून पाव देणे हा त्या दिवशीच्या हिशेबाने फायद्याचाच सौदा होता, आणि नॅशव्हिलमधल्या दहांपैकी नऊ गीतकारांनी तो हसत स्वीकारला असता. मात्र असा वाटा एकदा लिहून दिला की तो एका रेकॉर्डपुरता राहत नाही. तो गाण्याच्या उरलेल्या सगळ्या आयुष्यावर लागू होतो, उद्या कोण गाईल आणि कोणत्या चित्रपटात गाईल हे कोणालाच माहीत नसताना. ज्यांच्या वडिलांनी दुसऱ्याच्या जमिनीत राबून पिकाचा वाटा मालकाच्या घरी पोहोचवला होता, त्यांना वाटा लिहून देण्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागला नसणार.

गाणे पुढे चालत राहिले. १९७५ मध्ये लिंडा रॉनस्टॅट यांनी ते गायिले. १९८२ मध्ये पार्टन यांनी एका चित्रपटासाठी ते स्वतः पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि ते कंट्रीच्या यादीत दुसऱ्यांदा पहिल्या क्रमांकावर गेले. मग १९९२ मध्ये ‘द बॉडीगार्ड’साठी दुसरे एक गाणे ठरलेले असताना ते ऐनवेळी गळले आणि चित्रपटाचे नायक केव्हिन कॉस्टनर यांनी हे सुचवले. चित्रपट म्हटल्यावर परवानगी आणि घासाघीस आली. त्याखेरीज दर प्रतीमागची मेकॅनिकल रॉयल्टी त्या वर्षी ६.२५ सेंट झाली होती. या दराने एकट्या सुट्या रेकॉर्डच्या चाळीस लाख प्रतींचे अडीच लाख डॉलर होतात. चित्रपटाचा अल्बम तर जगभर चार कोटींवर खपला, आणि रेडिओवरच्या सादरीकरणाचा पैसा या सगळ्याच्या वर. पार्टन गमतीने म्हणतात की व्हिटनींचे गाणे आल्यावर माझ्याकडे एल्विसचा बंगलाच विकत घेता येईल एवढे पैसे आले. प्रत्यक्षात त्यांनी त्या पैशांतून नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय वस्तीत कार्यालयांसाठी इमारती घेतल्या, ह्यूस्टन यांच्या सन्मानार्थ. २०१२ मध्ये ह्यूस्टन यांचे निधन झाले तेव्हा गाणे पुन्हा बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत आले.

पार्टन यांची सगळीच मोठी गाणी त्यांची स्वतःची नाहीत, हेही इथे सांगायला हवे. १९७७ मध्ये त्यांना पॉपच्या मोठ्या बाजारात नेणारे ‘हिअर यू कम अगेन’ बॅरी मान आणि सिंथिया वाइल यांनी लिहिले होते, आणि केनी रॉजर्स यांच्याबरोबरचे १९८३ चे ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ बी जीज या गटातल्या गिब बंधूंचे होते. या गाण्यांनी त्यांना प्रसिद्धी दिली आणि गायिकेचा वाटाही दिला, पण ती रेडिओवर वाजतात तेव्हा पैसे दुसरीकडे जातात. याउलट १९८० च्या ‘नाइन टू फाइव्ह’ चित्रपटात त्यांनी अभिनय केला, शीर्षकगीत लिहिले आणि गायिले. चित्रीकरणाच्या वेळी बसल्या बसल्या त्या लांब कृत्रिम नखे एकमेकांवर घासत, त्याचा टकटक आवाज टाइपरायटरसारखा येई आणि त्या तालावर गाणे रचले गेले. ध्वनिमुद्रणातही तो नखांचा आवाज वापरला आहे आणि अल्बमवर त्याचे श्रेय दिले आहे. पुढे याच चित्रपटावरून २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर संगीत नाटक आले आणि त्याची गाणीही पार्टन यांनीच लिहिली.

डॉलीवूड या त्यांच्या करमणूक उद्यानाविषयी थोडक्यात. १९८६ मध्ये त्यांनी सेव्हियर काउंटीतल्या एका आधीच्या उद्यानात भागीदारी घेतली आणि त्याला आपले नाव दिले. ज्या भागातून लोक पोटासाठी बाहेर जात होते तिथे ते आज मोठा रोजगार देते. १९९५ मध्ये त्यांनी लहान मुलांना जन्मापासून पाच वर्षांचे होईपर्यंत दरमहा एक पुस्तक घरपोच पाठवण्याची योजना सुरू केली. तिची प्रेरणा निरक्षर वडील असल्याचे त्या सांगतात. वीस कोटींहून अधिक पुस्तके या योजनेतून वाटली गेली आहेत.

रचनेची मालकी जपली तरी ध्वनिमुद्रणाची मालकी त्या काळच्या रीतीप्रमाणे रेकॉर्ड कंपनीकडेच राहत असे. पार्टन यांचे सुवर्णकाळातले काम आरसीएसाठी झाले आणि ती कंपनी आता सोनीच्या छत्राखाली आहे. ही फट किती महत्त्वाची आहे ते टेलर स्विफ्ट यांच्या उदाहरणातून अलीकडे सर्वांना कळले. नॅशव्हिलमध्येच सुरुवात केलेल्या स्विफ्ट यांची जुनी ध्वनिमुद्रणे २०१९ मध्ये त्यांच्या मर्जीविरुद्ध विकली गेली, तेव्हा २०२१ पासून त्यांनी तेच अल्बम नव्याने गाऊन काढले. त्यांना ते करता आले, कारण गाणी त्यांची स्वतःची होती.

आपल्याकडचे चित्र फार वेगळे होते. हिंदी-मराठी चित्रपटसृष्टीत गीतकाराला एकरकमी मानधन देऊन गाण्याचे सर्व हक्क निर्मात्याने घ्यायचे ही रूढ पद्धत होती आणि १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिला बळच मिळाले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर लावून धरलेल्या मागणीनंतर २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला वाटा गीतकार आणि संगीतकाराला सोडून देताच येत नाही, कराराने लिहून दिला तरी ते चालत नाही. अमेरिकेने हा मार्ग घेतला नाही. तिथे गीतकाराला सर्व काही विकून टाकण्याची मुभा आहे, मात्र १९७८ पासून केलेल्या करारांतले हक्क त्याला ठरलेल्या मुदतीत नोटीस देऊन ३५ वर्षांनी परत मागता येतात. एका कायद्याने गरजू माणसाला विक्रीपासून अडवले, दुसऱ्याने त्याला पुन्हा एक संधी दिली. मला पहिला मार्ग अधिक समंजस वाटतो, कारण ३५ वर्षे वाट पाहण्याइतके आयुष्य आणि वकिलाची फी प्रत्येक गीतकाराकडे असतेच असे नाही.

आज नॅशव्हिलमध्ये एका गाण्यावर तीन-चार गीतकारांची नावे असणे नेहमीचे झाले आहे. निर्मात्याला, कधी गायकालाही नाव हवे असते, आणि स्ट्रीमिंगवर एका वेळच्या श्रवणाला सेंटचा अगदी छोटा अंश मिळतो. तो चौघांत वाटून प्रकाशकाचा निम्मा वजा केला की हाती काय उरत असेल याची कल्पना करता येते. पार्टन यांची बहुतेक मोठी गाणी एकटीने लिहिलेली आहेत, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर अधिकच ठळक होते. आपण एकंदर तीन हजारांवर गाणी लिहिली असे त्या सांगतात. त्यातली मोजकीच गाजली, पण एखादे पुन्हा केव्हा उगवेल याचा नेम नसतो.

२०२४ मध्ये बियॉन्से यांनी आपल्या ‘काउबॉय कार्टर’ या अल्बममध्ये ‘जोलीन’ घेतले आणि शब्द बदलले. विनवणी करणारी बाई इथे दम देणारी झाली. नुसते गायचे असते तर सरकारी दर भरून काम भागले असते, पण १९०९ च्या नियमातून आलेल्या या सक्तीच्या परवान्यात रचनेचे मूळ स्वरूप बदलण्याची मुभा नाही. शब्द बदलायचे तर मालकाचा होकार लागतो. पार्टन यांनी तो दिला, अल्बममध्ये त्या गाण्याआधी स्वतःच्या आवाजात दोन शब्दही बोलल्या, आणि बियॉन्से यांच्या आवृत्तीवर गीतकार म्हणून त्यांचे नाव कायम आहे. त्या काळच्या गाण्यांना अमेरिकेत ९५ वर्षांचे संरक्षण असल्याने १९७३ च्या ‘जोलीन’चा हक्क २०६८ च्या डिसेंबरअखेरीस संपेल, आणि १ जानेवारी २०६९ पासून ते कोणीही, कोणतेही शब्द बदलून, कोणालाही न विचारता गाऊ शकेल.